सुकदेवचे केस

रघुनाथनं कापड झटकलं, तरुणाच्या गळ्याभोवती गुंडाळलं आणि मागे गाठ मारायला हात नेला, तेवढ्यात त्या तरुणानं कापडाखालून हात बाहेर काढून एक फोटो पुढे केला.

“काका, असंच पाहिजे. डिट्टो.”

फोटो प्लास्टिकच्या पिशवीत होता. रघुनाथनं हात सदऱ्याला पुसले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि फोटो दाराच्या उजेडाकडे धरला. काळा-पांढरा, कडेनं पिवळा पडलेला. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि दोन बदकं. पुढे वीस-बावीस वर्षांचा एक जण, मोठ्या कॉलरचा शर्ट घालून, हनुवटी जराशी वर करून उभा. आणि त्याचे केस. कान अर्धे झाकलेले, मानेवर कॉलरला टेकून किंचित बाहेर वळलेले, कल्ले खाली रुंद होत गालापर्यंत उतरलेले. डावा कल्ला उजव्यापेक्षा एक रेघ खाली होता. ते दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. ज्यानं केले त्यालाच दिसलं असतं.

रघुनाथनं फोटो आरशापुढच्या फळीवर उभा करून ठेवला. मग तो आडवा केला. मग पुन्हा उभा केला.

गेल्या वर्षभरापासून पोरं असे केस पुन्हा मागू लागली होती. चोवीस वर्षांत रघुनाथच्या हाताखालून सगळ्या तऱ्हा गेल्या होत्या. हिप्पी कट गेला, मिलिटरी कट आला. मग मधला भांग आला, मग पुढे आखूड आणि मागे लांब, मग स्टेप कट, मग डोक्यावर वाटी उपडी घालून कापल्यासारखा तो मशरूम. आता टीव्हीवर कोणी काय पाहिलं कोण जाणे, पण कान झाकायची टूम पुन्हा निघाली होती. सुरतच्या उधन्यात काचेच्या दारांची चार नवी सलूनं झाली होती, पण तिथल्या कारागिरांना हे जमत नव्हतं. हे केस नुसत्या कात्रीनं होत नाहीत. ओल्या केसावर वस्तरा तिरका धरून, एकेक बट पातळ करत खाली उतरावं लागतं. रघुनाथला ते येत होतं. तरी कोणी तसे केस मागितले की तो म्हणायचा, “ते आता नाही होत माझ्याच्यानं, हात थरथरतो.” पोरगं आरशात स्वतःकडे एकदा पाहून दुसरीकडे निघून जायचं.

“कोणाचा फोटो?” त्यानं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“पप्पांचा. सुकदेव पाटील. नवागामला राहतो आम्ही. मी योगेंद्र.” तरुण आरशातूनच बोलत होता. “परवा लग्न आहे माझं, उद्या हळद. हर्षदानं, म्हणजे माझी होणारी... तिनं हा फोटो आमच्या घरी पाहिला. म्हणाली, मामंजींसारखे केस ठेवले तरच बोहल्यावर चढेन.”

बाकावर मगन बसला होता. त्याची चहाची लारी, म्हणजे हातगाडी, दुकानाच्या शेजारीच होती, आणि दुपारच्या मंदीत तो दाढीच्या निमित्तानं इथं येऊन बसायचा. तो सुरतचाच, पण खानदेशी लोकांना चहा पाजून पाजून त्याची बोली दोन्हीकडची झाली होती.

“छोकरी पक्की आहे हां,” मगन म्हणाला. “आज सासऱ्याचे केस मागते, काले सासऱ्याचं धोतर नेसवशे तुला.”

“नेसेन ना,” योगेंद्र हसला. “पाच महिने कात्री लावू दिली नाही. मम्मी रोज ओरडायची, आधी ते जंगल काप. पप्पाच म्हणाले, सरला, राहू दे त्याला. आणि कापायचे तर उधन्याला रघुनाथकडे जा. हा कट सुरतेत त्यालाच येतो.”

रघुनाथचा हात गाठीवर थांबला.

“असं म्हणाले?”

“हो. ते येणारच आहेत इथं. मंडपवाल्याकडे गेलेत, तिथून येतील.”

“इथं? दुकानात?”

“हो ना. का?”

“काही नाही.” रघुनाथनं गाठ मारली. ती घट्ट झाली. सोडून पुन्हा सैल मारली. मग पाण्याचा फवारा घेऊन तो केस भिजवू लागला. पोराचे केस बापासारखेच होते. दाट, जाडसर, कपाळावर मधोमध एक भोवरा. तो भोवरा बोटाखाली आला तसा त्यानं हात उचलून घेतला.

“आणि काका,” योगेंद्र जरा वळून म्हणाला, “तुम्ही तर पप्पांचा जीव वाचवला ना.”

“मी?”

“पप्पा सांगतात ना. शेजारच्या कारखान्यात एका माणसाचे केस पट्ट्यात अडकले, लूमवर चालतो तो पट्टा. डोक्याची कातडीच निघाली त्याची. पप्पांचे केस तर केवढे लांब. तुम्हीच त्यांना समजावलं, केसापेक्षा जीव मोठा. आणि एवढे झकास केस तुम्ही तुमच्या हातानं उतरवले. आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे हे. नूतन, माझी बहीण, ती तर शाळेत सांगायची.”

मगननं वर्तमानपत्र खाली केलं. “अरे रघुभाई! आ तो तुम्ही कधी बोलला नाही! बाजूला बसून मला वीस वर्षं झाली!”

“सरळ बस,” रघुनाथ योगेंद्रला म्हणाला. “मान हलवू नको.”

“उद्या हळदीला पप्पा तुम्हाला टॉवेल-टोपी देणार आहेत,” मान न हलवता योगेंद्र म्हणाला. “मानाची. सगळ्या भाऊबंदांपुढे. मुद्दाम गावाहून पांढरी टोपी मागवलीय.”

रघुनाथनं वस्तरा घेतला आणि चामड्याच्या पट्ट्यावर परजायला सुरुवात केली. वस्तऱ्याला धार होती. तरी तो परजत राहिला.

चौऱ्याहत्तर साली त्याला दुकान नव्हतं. तो दोंडाईच्याकडून नवाच आला होता आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली धोकटी मांडून बसायचा. तिथं त्यानं बसावं की नाही हे मुकादम भाईदासच्या हातात होतं. सुकदेव त्याच्या शेजारच्या गावचा, एका वयाचा. आत लूमवर होता. स्टेशनजवळ एक कारागीर हिप्पी कट करायचा. रघुनाथ चार रविवार त्याच्या दुकानासमोर उभा राहिला आणि नुसता त्याचा हात पाहून ते शिकला. सुकदेवचं डोकं हे त्याचं पहिलं. दोन तास लागले होते. उठल्यावर सुकदेवनं हातातल्या आरशात बघितलं होतं आणि रघुनाथला मिठी मारली होती. मग जो भेटेल त्याला तो सांगायचा, “मना रघूनी करेल शेत,” माझ्या रघूनं केलेत. आठवड्यानं त्यानं स्टुडिओत जाऊन फोटो काढला, मुलीकडच्यांना पाठवायला.

त्याच वर्षी चैत्रात गावाहून निरोप आला. आबांना, म्हणजे वडिलांना, बरं नाही, या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येच. सुकदेवनं चार दिवसांची रजा मागितली. भाईदासनं दिली नाही. सुकदेव सगळ्यांदेखत म्हणाला, “आम्ही माणसं शेत, लूम नाही.”

संध्याकाळी पाळी बदलताना, एक पाळी बाहेर पडत होती आणि दुसरी आत जात होती, तेव्हा भाईदास फाटकात येऊन उभा राहिला.

“केस वाढले तशी जीभ वाढली याची,” तो म्हणाला. “रघू, याचं डोकं कर.”

दोघांनी सुकदेवचे दंड धरले आणि त्याला लिंबाखालच्या पाटावर बसवलं.

रघुनाथ म्हणू शकला असता, मशीनला धार नाही. म्हणू शकला असता, हात दुखतो, उद्या करतो. धोकटी उचलून स्टेशनकडे चालू लागला असता तरी कोणी त्याला मारलं नसतं. कडेच्या चार बटा कापून दाखवल्या असत्या तरी कदाचित भाईदासचं समाधान झालं असतं. पण त्यानं हातमशीन काढली, कपाळावरच्या भोवऱ्याशी टेकवली आणि मधोमध सरळ मानेपर्यंत नेली. डोकं भादरताना हात असाच चालतो, त्याला विचार लागत नाही. मधून एकदा रस्ता पडला की मग वाचवायला काही राहत नाही. पन्नास-साठ माणसं पाहत होती. काही हसली. सुकदेव हलला नाही की ओरडला नाही. ताठ बसून राहिला. थरथरत होता तो रघुनाथचा हात, आणि दोन ठिकाणी मशीन लागून रक्त आलं.

संपल्यावर भाईदास म्हणाला, “जा आता. दिली रजा.”

बाप जिवंत असताना मुलगा डोकं भादरत नाही. तशा डोक्यानं गावच्या वेशीत शिरलेल्या मुलाला पाहून लोक आधी त्याच्या घराकडे धावतात, आणि बाप ओट्यावर बसलेला दिसला की मग मुलाच्या तोंडावर थुंकतात. सुकदेव आखाजीला गेला नाही. केस वाढू दे, मग जाऊ, म्हणून थांबला. केस दोन बोटं वाढले आणि आषाढात बाप गेला. ते दोन बोटं केस दहाव्याला नदीवर पुन्हा उतरले.

हे रघुनाथला गावाकडून येणाऱ्यांनी सांगितलं. सुकदेव त्यानंतर त्याच्याशी बोलला नाही. पुढे रघुनाथनं उधन्यात हे दुकान घातलं. सुकदेव नवागामहून सायकलवर कामाला जाताना इथूनच जायचा, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं. सायकल ओळखून रघुनाथ कात्री थांबवायचा आणि ती पुढे गेली की पुन्हा चालवायचा. त्याला काय म्हणायचं हे त्यानं मनात कितीदा जुळवलं होतं. आधी ते लांब होतं. त्यात भाईदास होता, पोटाची अडचण होती, नवखेपण होतं. वर्षं गेली तसं एकेक गळत गेलं. आता तीनच शब्द उरले होते. चुकलो, माफ कर. ते म्हणायला रस्ता ओलांडावा लागला असता, आणि तो कधी ओलांडला नाही.

“काका, पट्टा झिजेल,” योगेंद्र म्हणाला.

रघुनाथनं वस्तरा थांबवला. कंगव्यानं मागची एक बट उचलली आणि वस्तरा तिरका टेकवून खाली ओढला. केस रेशमाच्या दोऱ्यासारखे सुटून कापडावर पडले. हात थरथरत नव्हता. चोवीस वर्षं न केलेलं काम हात विसरला नव्हता, याचीही त्याला लाजच वाटली.

बट बट करत तो उजव्या कानाकडे आला. पोराला सांगून टाकायला हवं, त्याला वाटलं. बाप येण्याआधी. उद्या ती टोपी डोक्यावर यायच्या आधी. इतकी वर्षं सुकदेवनं त्याच्यावर उपकार केले होते, घरात, बायकापोरांत त्याचं नाव चांगलं ठेवलं होतं. का, ते त्याला कळत नव्हतं. पण त्या चांगल्या नावाखाली उद्या चारशे माणसांपुढे डोकं द्यायचं म्हणजे चोरी होती. उजवा कान झाला की सांगू, असं त्यानं ठरवलं. उजवा कान झाला. मग डावा कान झाला की सांगू, असं ठरवलं.

“तुझी बायको,” तो म्हणाला, “शिकलेली आहे?”

“बारावी. माझ्यापेक्षा जास्त,” योगेंद्र म्हणाला. “म्हणून तर ऐकावं लागतं.”

“अजून लग्न नाही झालं, आणि ऐकतोस,” मगन म्हणाला. “मी तीस वर्षं झाली ऐकतो. हवे तो कान पण थाकी गया.”

“तुमचे कान उघडे आहेत ना, काका. मी झाकून घेतोय आताच.”

मगन मांडीवर हात मारून हसला. रघुनाथही हसला, आणि हसता हसता त्याचं धैर्य गेलं. तो कल्ल्यांकडे वळला. उजवा कल्ला त्यानं कानाच्या पाळीखाली बोटभर सोडला, खाली रुंद केला. डाव्यापाशी आल्यावर त्यानं फोटोकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली आणि डावा बरोबर उजव्याएवढा केला, एक रेघही कमी-जास्त नाही.

दारातला उजेड कमी झाला. सुकदेव उभा होता.

त्यानं चप्पल बाहेर काढली, जशी देवळात काढतात, आणि मग आपण कुठं आहोत हे लक्षात येऊन पुन्हा घातली. अंगात पांढरा सदरा होता, खिशात लग्नपत्रिका. डोकं जवळजवळ पूर्ण उघडं झालं होतं. कानांच्या वर तेवढी पांढरी झालर राहिली होती. रघुनाथनं त्याला इतक्या जवळून चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. सायकलवरच्या माणसाच्या डोक्यावर नेहमी टोपी असायची.

“रघू,” सुकदेव म्हणाला.

“ये, सुकदेव. बठ.”

सुकदेव बाकाच्या टोकाला बसला.

“सुकदेवभाई, बधा केस पोऱ्याला देऊन टाकले वाटतं,” मगन त्याच्या डोक्याकडे बघत म्हणाला. “थोडे स्वतःला ठेवायचे ना!”

“द्यायलेच व्हतं काय मनाजवळ,” सुकदेव म्हणाला. “केसच व्हते.”

तो आरशाकडे बघत होता. आरशात त्याचा मुलगा बसला होता, अर्धे कान झाकलेले, मानेवरचे केस बाहेर वळलेले. बघता बघता सुकदेव एकदम खाली बघू लागला आणि खिशातली पत्रिका काढून तिचा कोपरा सरळ करत बसला.

“पप्पा, कसं वाटतं?”

“चांगलं वाटतं.”

“तुमच्यासारखं?”

“मनापेक्षा बरं.”

“काका,” योगेंद्र रघुनाथला म्हणाला, “तुम्ही सांगा ना ती गोष्ट. पप्पांना कितीही विचारा, दोन वाक्यांत संपवतात. आज दोघं समोरासमोर आहात. त्या दिवशी नेमकं काय झालं?”

“हां, हां, बोलो रघुभाई,” मगन म्हणाला आणि त्यानं वर्तमानपत्राची घडी करून बाजूला ठेवली.

रघुनाथनं वस्तरा मिटून फळीवर ठेवला. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला ठाऊक होतं. समोर बाप होता, मुलगा होता, साक्षीला मगन होता. रस्ताही ओलांडायचा नव्हता. सुकदेव स्वतःच ओलांडून आला होता.

“ते तसं नव्हतं, योगेंद्र,” तो म्हणाला.

रघुनाथनं आरशात पाहिलं. सुकदेवनं मान वर केली होती. त्याच्या डोळ्यांत राग असेल असं रघुनाथला वाटलं होतं. राग नव्हता. वस्तरा गळ्याच्या घाटीवर आला की खुर्चीतल्या माणसाचे डोळे जसे होतात, तसे ते झाले होते. तो रघुनाथकडे बघत होता, मग मुलाच्या मानेकडे, मग पुन्हा रघुनाथकडे. पत्रिका त्याच्या मुठीत चुरगळली होती आणि ते त्याला कळलं नव्हतं.

तेव्हा रघुनाथला समजलं. ती पट्ट्याची, अडकलेल्या केसांची गोष्ट त्याच्यासाठी रचलेली नव्हती. दोन माणसांनी दंड धरून पाटावर बसवलेल्या, पन्नास जणांपुढे भादरलेल्या सुकदेवनं ती स्वतःसाठी रचली होती. बायकोला सांगायला. पुढे पोरं झाली की पोरांना सांगायला. इतकी वर्षं रघुनाथला वाटत होतं, लाज आपल्या एकट्याची आहे.

तीन शब्द तोंडाशी आले होते. ते म्हटले असते तर तो मोकळा झाला असता, आणि परवा बोहल्यावर चढणाऱ्या मुलासमोर सुकदेवला पुन्हा त्या पाटावर बसावं लागलं असतं. मशीन पुन्हा त्याच्याच हातात होती.

“तसं नव्हतं,” रघुनाथ सावकाश म्हणाला. “मी नाही समजावलं तुझ्या वडिलांना. मी कोण समजावणारा? ते स्वतः आले. स्वतःच्या पायांनी चालत आले. कारखान्याच्या बाहेर लिंब होता, त्याच्याखाली पाटावर बसले आणि म्हणाले, रघू, चालव.”

“कोणी होतं तिथं?”

“पन्नास-साठ माणसं. पाळी सुटली होती. सगळी बघत होती.” त्यानं कंगवा उचलला, त्यातले केस काढू लागला. “मी भ्यालो. खरं सांगतो तुला. माझा हात थरथरत होता, दोन ठिकाणी रक्त काढलं मी. तुझे वडील ताठ बसले होते. शेवटपर्यंत हलले नाहीत.”

योगेंद्रनं आरशातून बापाकडे पाहिलं. सुकदेव जमिनीकडे बघत होता. त्याचे खांदे थोडे खाली आले होते.

“म्हणून मला ती टोपी-बिपी देऊ नका,” रघुनाथ म्हणाला. “माझं त्यात काही चांगलं नाही. चांगले केस होते. मी विचार न करता मधून मशीन घातली. कडेनं घेतली असती तर थोडे राहिले असते. ते चुकलं माझं. त्याची माफी मागायची राहूनच गेली.”

“काय काका!” योगेंद्र मोठ्यानं हसला. “केसांची कसली माफी? पुन्हा आलेच असतील ना ते. पप्पा, तुम्ही सांगा यांना.”

सुकदेवनं चुरगळलेली पत्रिका मांडीवर ठेवली आणि तळहातानं दाबून सपाट करू लागला.

“टोपी घ्यावी लागंल, रघू,” तो म्हणाला. “सगळासले आधीच सांगेल शे मी.”

रघुनाथनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“आणि पप्पा,” योगेंद्रला आठवलं, “त्यानंतर लगेच आखाजी होती ना? तुम्ही तर सफाचट टकलानं गावात गेला असाल. आजोबा काय म्हणाले तुम्हाला पाहून?”

कंगवा रघुनाथच्या हातातून निसटला, फळीवर पडला. त्यानं तो उचलला नाही.

“आजोबा?” सुकदेव म्हणाला.

“रागावले असतील.”

“नाही.” सुकदेवचा हात पत्रिकेवर थांबला. “हसले. वट्यावर बसेल व्हते. मले वेशीतून येतांना पाहिलं आन् तिथूनच हसाले लागले. म्हने, काय रे भाऊ, मी आजून जित्ता शे ना!”

मगन खो खो हसला. योगेंद्रही हसला, कापडाखाली त्याचं सगळं अंग हललं. सुकदेवही त्यांच्याबरोबर हसला. दातांत एक फट पडलेली होती, ती दिसली.

“बरं झालं त्या आखाजीला गेलात,” योगेंद्र डोळे पुसत म्हणाला. “नंतर आषाढात आजोबा गेलेच ना.”

“हो,” सुकदेव म्हणाला. “भेट झाली.”

रघुनाथ मुलाच्या पाठीमागे गेला, तिथून आरशात दिसणार नाही असा, आणि मऊ ब्रश घेऊन त्याच्या मानेवरचे बारीक केस झाडू लागला. मान केव्हाच स्वच्छ झाली होती. तो झाडत राहिला.